मावशी बाकावरच बसून राहते

आज सकाळी वसईत मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उपासनेला, ख्रिस्तप्रसादाची (अभिमंत्रित भाकरीची) रांग सरकू लागली, तेव्हा मावशीने नेहमीप्रमाणे गुडघे एका बाजूला वळवून मला वाट करून दिली आणि हळूच म्हणाली, "तू जा, मी बसते इथेच."

नवऱ्याने दुसरा संसार थाटल्यावर तिने कोर्टातून घटस्फोट घेतला आणि पुढे नोंदणी पद्धतीने लग्न केले. चर्चच्या दृष्टीने पहिला विवाह अजून कायम असल्यामुळे हे नाते व्यभिचारात मोडते आणि म्हणून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, असेच ती आजवर ऐकत आली आहे.

वास्तविक २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रत्येकाची परिस्थिती स्वतंत्रपणे समजून घ्यावी असे सांगितले आणि काही बाबतींत ख्रिस्तप्रसादासारख्या संस्कारांचेही साहाय्य मिळू शकते, हे ३५१व्या तळटीपेत नोंदवले. विवाह अविच्छेद्य असल्याची शिकवण तशीच राहिली, तरी दार किलकिले झाले. इतकी मोलाची गोष्ट तळटीपेत राहावी, याचे मला फार वाईट वाटते.

मी परतलो तेव्हा मावशी जपमाळ मुठीत धरून वेदीकडे पाहत होती. ती तळटीप तिला इतक्या वर्षांत कुणी समोर बसून वाचून दाखवली असेल का?