घरबसल्या नॉर्वे, व्हाया पन्हाळा

कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली, पाऊस थांबायचं नाव नाही. आईला गुडघ्यामुळं जिना उतरवत नाही, म्हणून दुपारी टीव्हीवर ड्रोनचा व्हिडिओ लावला. नॉर्वेतला गैरांगर फ्योर्ड. हिमनदीनं कोरलेली 15 किलोमीटरची दरी, आत समुद्राचं पाणी.

आई चष्मा पुसून पुढं सरकली. "समुद्र हाय म्हणतोस, मग लाटा कुठायत? आन् त्या कड्यावरच्या घरातली माणसं दळण कुठनं आणत असतील?"

(ती घरं कधीच ओस पडलीत. सांगितलं नाही.)

मग पन्हाळ्याचा लावला. धुक्यातनं गडावरची सज्जाकोठीची इमारत वर आली आणि आई ओरडलीच, "थांब, मागं घे!" लग्नानंतर तिथंच एका झाडाखाली झुणका-भाकर खाल्लेली म्हणे. चारदा मागं घेतलं. चहा गार झाला, झाड काय घावलं नाही.