पोर्टेबल डिस्कवर बॅकअप घेताना मागे राहणाऱ्या फायली

डी ड्राइव्ह कॉपी केला की बॅकअप झाला, असं बहुतेक घरांत आणि छोट्या ऑफिसांत धरून चालतात. मग कधीतरी संगणक बसतो, डिस्क जोडली जाते आणि कळतं की फोटो आहेत, पण डेस्कटॉपवरचं काहीच नाही. पत्रं आहेत, पण उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. डिस्क धडधाकट असते, जे तिच्यावर जायला हवं होतं तेच गेलेलं नसतं.

विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरं मुळात सी ड्राइव्हवर असतात, 'यूझर्स'मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात. घेताना ते नावाचं फोल्डर अख्खं घ्या. एकाच संगणकावर घरातल्या दोघा-तिघांची लॉगिन असतील, तर प्रत्येकाचं फोल्डर वेगळं असतं हेही ध्यानात ठेवा. आउटलुक वापरत असाल तर कॉपी सुरू करण्याआधी ते पूर्ण बंद करा. उघडं असलं की मेलची पीएसटी फाइल अडकून राहते आणि नेमकी तीच सुटते.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवण्याची सोय, चालू असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह दिसत असेल, तर ती फाइल तुमच्या संगणकावर नाहीच, तिची फक्त खूण आहे. प्रॉपर्टीज उघडून पाहा: 'साइझ' 3 एमबी आणि 'साइझ ऑन डिस्क' 0 असं दिसेल. इंटरनेट बंद असताना अशी फाइल कॉपी होत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळ्या ढगांच्या जागी हिरव्या बरोबरच्या खुणा येऊ द्या, मगच कॉपीला लागा.

आता खास मराठीतली अडचण. श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांत जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला कोड देणारी सगळीकडची पद्धत) नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये देवनागरी म्हणून साठवलेला नसतो. आत साधे कोड असतात, त्यांना अक्षराचं रूप देतो तो फॉन्ट. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्तं सुखरूप असूनही वाचता येत नाहीत. म्हणून फायलींबरोबर फॉन्टही डिस्कवर गेलेच पाहिजेत. ते सी ड्राइव्हवर 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स'मध्ये मिळतात. अलीकडच्या विंडोजमध्ये एकट्या यूझरपुरते बसवलेले फॉन्ट मात्र त्याच्या 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात जातात, तिथेही बघा. पेजमेकर या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरच्या फायली असतील तर त्यांना जोडलेली चित्रं बहुधा वेगळ्या फोल्डरांत पडलेली असतात, तीही सोबत न्या. महत्त्वाच्या कागदांची फॉन्ट एम्बेड केलेली (म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच बसवलेली) पीडीएफ आजच करून ठेवा, आणि सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये आणा. आपल्याकडच्या वाचनालयांचे, मंडळांचे, छोट्या मासिकांचे असे किती अंक नुसत्या फॉन्टावाचून मुके पडले असतील, या विचारानेच जीव तुटतो.

डिस्क घेताना सगळ्या डेटाच्या किमान दुप्पट क्षमतेची घ्या. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. डिस्क फक्त विंडोजला लावणार असाल तर एनटीएफएस फॉरमॅट ठेवा, मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट. फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ हमखास तेवढा असतो. फॉरमॅट केल्याने डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून हे काम डिस्क रिकामी असतानाच उरका.

जोडताना डेस्कटॉपचा मागचा पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टला आतून लांब वायर आलेली असते, वीज कमी पडली की मध्येच डिस्कची जोडणी तुटते. यूएसबी 2 च्या पोर्टवर सेकंदाला साधारण 30-35 एमबी जातात, यूएसबी 3 वर साध्या फिरत्या डिस्कलाही 100 च्या पुढे. म्हणजे 200 जीबीला पहिल्यात दीड तासाहून जास्त, दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास. हजारो बारीक फायली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. कॉपी चालू असताना डिस्क हलवू नका, आणि 'कट' तर कधीच करू नका.

पुढच्या खेपेपासून रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधलीच कॉपी करण्याची कमांड, सोयीची पडते, कारण ती फक्त बदललेल्या फायली उचलते आणि 260 अक्षरांपेक्षा लांब पाथवरही (फाइलच्या पूर्ण पत्त्यावरही) अडत नाही. पण तिला आर (किती वेळा प्रयत्न करायचा) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे स्विच द्याच. न दिल्यास अडलेल्या एकाच फाइलसाठी ती दर 30 सेकंदांनी, 10 लाख वेळा प्रयत्न करत बसते. लॉग (काय कॉपी झालं त्याची नोंद) ठेवायचा तर 'युनिलॉग' वापरा, म्हणजे देवनागरी नावं नीट उमटतात. बॅकअपला मूळ जागेची हुबेहूब नक्कल करणारा 'एमआयआर' स्विच जपून. मूळ जागेवरून चुकून उडालेली फाइल तो बॅकअपमधूनही उडवतो. कागदपत्रं फारशी जागा खात नाहीत, ती दर वेळी तारखेच्या नव्या फोल्डरात घ्या. फोटो एकाच फोल्डरात वाढवत नेले तरी चालतात.

कॉपी संपली की दोन्हीकडच्या फोल्डरांचे प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि 'साइझ' जुळवा. मग डिस्क 'इजेक्ट' करून दुसऱ्याच संगणकाला लावा. सगळ्यात जुनी, सगळ्यात नवी आणि सगळ्यात मोठी फाइल उघडा, व्हिडिओ असेल तर शेवटचा मिनिट चालवून पाहा. एखादं श्रीलिपीतलं पत्रही उघडा, फॉन्ट गेला की राहिला ते तिथेच कळेल.

त्यानंतर डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, संगणकाबरोबर तिच्यावरही कुलूप घालतं. जमल्यास अशा दोन डिस्क आळीपाळीने वापरा, एक घरी आणि एक भावाबहिणीकडे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) लावलं असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा, त्याच डिस्कच्या पाकिटात नको.