पार्थेनॉनच्या फोटोत कायम क्रेन का असते

अथेन्सला जाऊन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते, एवढे पैसे घालून गेलो आणि पार्थेनॉनच्या, म्हणजे तिथल्या अथेना देवीच्या प्राचीन देवळाच्या, फोटोत ती मेली क्रेन आलीच. खरं सांगू का, मला देवळाइतकीच त्या क्रेनची गोष्टही भारी वाटते.

देऊळ इ.स.पू. 447 ला सुरू झालं आणि मूर्तिकामासकट साधारण 15 वर्षांत उरकलं. संगमरवर जवळच्या पेंटेली डोंगरातला. बाहेरचे खांब 46, प्रत्येक दहा मीटरच्या वर, पण अखंड नाहीत हं, दहा-बारा गोल ठोकळे एकावर एक रचलेत आणि मधे चुना वगैरे काहीही नाही. ठोकळ्याची कड घासून घासून इतकी सपाट केलेली की सांधा शोधावा लागतो, आतला भाग मात्र मुद्दाम किंचित खोल ठेवलेला, म्हणजे टेकते ती कडच. बरोब्बर मधे चौकोनी खाच आणि तिच्यात लाकडी खुंटी, वरचा ठोकळा नेमका मध्यावर बसावा म्हणून. आपल्या काळात खांब उतरवले तेव्हा यातलं काही लाकूड चक्क शाबूत निघालं, अडीच हजार वर्षांनी! हवा-पाणी आत शिरलंच नव्हतं.

भिंतीच्या दगडांना एकमेकांत अडकवायला लोखंडी आकडे होते, आणि खरी हुशारी इथे आहे. आकडा खाचेत बसवला की भोवती वितळलेलं शिसं ओतायचे. पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही, भूकंपात थोडा हादराही शिसंच खातं.

1687 मध्ये व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडला, आत तुर्कांचा दारूगोळा भरलेला, मधला भाग उडालाच. पण पुढचं नुकसान चांगल्या हेतूने झालं याचा मला जास्त राग येतो. 1894 च्या भूकंपानंतर निकोलाओस बालानोस नावाच्या इंजिनियरने डागडुजी काढली, आणि ती 1930 च्या दशकापर्यंत चालली. आकडे आणि सळया लोखंडाच्याच, फक्त शिशाचं नीट कवच नाही. मग काय, लोखंड गंजलं, फुगलं आणि आतून संगमरवर फोडायला लागलं, आपल्या जुन्या सोसायट्यांच्या स्लॅबमधली सळई फुगून प्लास्टर पाडते ना अगदी तस्संच. शिवाय पडलेले दगड जिथे बसतील तिथे बसवलेले, मूळ जागा कुठली हे कोण बघतंय.

1975 ला ग्रीक सरकारने समिती नेमली आणि तेव्हापासून हे सगळं निस्तरणं चालू आहे. दगड उतरवायचा, गंजकं लोखंड काढायचं, खाचा आणि झीज बघून त्याची खरी जागा शोधायची (मानोलिस कोरेस या आर्किटेक्टने यात आयुष्य घातलंय), मग टायटॅनियम या धातूचे आकडे घालून क्रेनने परत चढवायचा. टायटॅनियम गंजत नाही हे झालंच, पण आकड्यांची ताकद हिशोबाने कमी ठेवतात, म्हणजे उद्या मोठा भूकंप आला तर तुटायचं ते आकड्याने, जुन्या दगडाने नाही. हे वाचल्यावर मी उठून घरात सगळ्यांना सांगत सुटले, कोणाला काही पडलेली नव्हती.

जिथे तुकडा कमी पडतो तिथे त्याच डोंगरातला नवा संगमरवर जोडतात, तो पांढराशुभ्र दिसतो. जुना मधासारखा पिवळसर, कारण पेंटेलीच्या दगडात थोडं लोह असतं. काहींना ही ठिगळं खटकतात, मला उलट बरं वाटतं, जुनं किती आणि भर किती ते लांबून कळतं. तेव्हा गेलात तर क्रेन कापून फोटो काढू नका, झूम करून ते जोड बघा.