सेत्स्वाना शिकायची तर देवनागरीतून

दक्षिण आफ्रिकेशेजारच्या बोत्स्वानात नोकरी ठरली की आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो, "तिथं इंग्रजी चालतं ना?" चालतं. इंग्रजी तिथली राजभाषा आहे आणि सेत्स्वाना राष्ट्रभाषा. कागदोपत्री सगळं इंग्रजीत होतं. बाजार, मिनीबस, दवाखान्याची रांग आणि कारखान्यातली जेवणाची सुट्टी मात्र सेत्स्वानात चालते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतून गाबोरोनला, म्हणजे तिथल्या राजधानीला, गेलेल्या माणसाला हाताखालच्या लोकांशी दोन शब्द धड बोलता येणं हे ड्रॉइंग वाचता येण्याइतकंच कामाचं.

आधी हिशेब. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 38.8 लाख होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत सेत्स्वाना मातृभाषा सांगणारे 40 लाखांवर होते. बोत्स्वाना हा अख्खा देश 2022 मध्ये सुमारे साडेतेवीस लाखांचा, आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, 5.8 लाख चौरस किलोमीटर. म्हणजे ज्या देशाच्या आणि भाषेच्या नावाचं मूळ एकच, तिथे तिचे बोलणारे कमी आणि सीमेपलीकडे जास्त. दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांत हा तिचा बालेकिल्ला. नॉर्दर्न केपमधलं कुरुमान, फ्री स्टेटमधलं थाबा न्चू आणि प्रिटोरियाचा परिसर इथेही ती बोलली जाते. झिंबाब्वेच्या 2013 च्या राज्यघटनेतल्या 16 अधिकृत भाषांतही ती आहे. सेसोथो आणि सेपेदी या तिच्या सख्ख्या बहिणी. एक नीट आली की बाकीच्या दोन कानाला बऱ्याच कळतात.

आता मुद्द्याचं. सेत्स्वाना रोमन लिपीत लिहिली जाते. कुरुमानच्या मिशनमध्ये रॉबर्ट मॉफट यांनी बायबलचं भाषांतर केलं (लूकचं शुभवर्तमान 1830, संपूर्ण बायबल 1857), तेव्हापासून छापील सेत्स्वाना रुळली. पण ती अक्षरं आपण शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि तिथेच पहिल्या दिवशी घोटाळा होतो. मराठी तोंडाला यातले बहुतेक आवाज आधीच येतात. म्हणून सुरुवातीचे दोनेक महिने वहीत देवनागरीतच लिहावं, रोमन स्पेलिंग शेजारच्या रकान्यात.

टी, पी, के म्हणजे त, प, क. नुसते, हवा न सोडता. 'बोट्सवाना'तला ट इंग्रजीच्या रस्त्याने आलाय, तो सोडा. टी-एच म्हणजे थ, पी-एच म्हणजे फ, के-एच म्हणजे ख. अल्पप्राण-महाप्राणाचा हा फरक इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्महिने जमत नाही, आपल्याला बाराखडीत मिळालेला आहे. फक्त फ सांभाळा. हल्ली शहरात 'फळ' म्हणताना दात ओठावर टेकतात, ते इथे चालत नाही. दोन्ही ओठ मिटून सोडायचा तो फ, कागल-राधानगरीकडची म्हातारी माणसं 'फूल' म्हणतात तसा. 'म्फो' (भेटवस्तू, हे माणसाचं नावही असतं) तसा म्हणायचा. दातांचा फ सेत्स्वानात वेगळा आहे, एफ अक्षराने लिहितात. वहीत त्याला नुक्ता द्या: फ़.

जी अक्षर म्हणजे ग नव्हे. तो उर्दूतल्या 'ख़बर'मधला ख़, घसा खाकरल्यासारखा, हवा कुठेही न अडवता. गाबोरोन हे खरं 'ख़ाबोरोने', शेवटच्या ए-सकट. के-जी हे जोडअक्षर म्हणजे क आणि लगेच ख़: 'क्ख़ोसी' (राजा, प्रमुख), 'क्ख़ोमो' (गाय).

टी-एस म्हणजे 'चाक', 'चोर' यांतला दंत्य च. हा आपल्याकडे आहे, पण पुढे इ किंवा ए आला की मराठी जीभ आपोआप टाळूकडे सरकते. म्हणून 'मेत्सी'चं (पाणी) 'मेची' होतं आणि समोरच्याला काही कळत नाही. वहीत च न लिहिता त्स लिहा, सवय मोडते. जे अक्षराचं उलटं: तो नेहमी तालव्य, 'जेवण'मधला, 'जहाज'मधला कधीच नाही. 'के आ जा' म्हणजे 'मी खातोय', आणि त्यातला जा आपल्या 'घरी जा'सारखा म्हटला तर चुकला.

सगळ्यात अवघड टी-एल आणि टी-एल-एच. जिभेचं टोक त साठी लावतो तिथे लावा, तिथेच धरून ठेवा आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी गालाकडे सोडा. हा एकच आवाज आहे. 'त-ला' असा मध्ये स्वर घुसला की अक्षरं वाढतात. 'क्ल' म्हटलं की शब्दच बदलतो. टी-एल-एच मध्ये तेच, पण श्वास जोरात. फरक न करणं महागात पडतं: 'त्लाला' म्हणजे भूक, 'त्ल्हाला' म्हणजे घटस्फोट देणे. अगदीच जमेना तर एवढाच दिलासा की उत्तरेकडच्या न्ग्वातो बोलीत टी-एलच्या जागी नुसता त म्हणतात. पण ती त्यांची बोली आहे. राजधानीत तसं बोललात तर ते अज्ञानच वाटणार.

शब्दाच्या सुरुवातीचे म्, न् हे स्वतंत्र अक्षर धरायचे: न्-कू (मेंढी), म्-मा. शब्दाच्या शेवटी एन-जी आलं तर नुसता ङ, मागे ग ओढायचा नाही: 'जाङ' (कसं). आणि वाक्याच्या शेवटून दुसरं अक्षर लांबवायचं. हे केलं नाही तर उच्चार बरोबर असूनही बोलणं तुटक वाटतं.

स्वर मात्र आपल्याकडून सुटतात, म्हणजे गाण्यातले स्वर. सेत्स्वाना उंच-खाली सुरांची भाषा आहे आणि सूर लिहीत नाहीत. 'के मोरुताबाना' यातला के खालच्या सुरात म्हटला तर 'मी शिक्षक आहे', वरच्या सुरात म्हटला तर 'तो शिक्षक आहे'. 'ओ' खाली म्हटला तर 'तू', वर म्हटला तर 'तो' किंवा 'ती'. सोल प्लात्ये (1876–1932) यांनी ही अडचण फार आधी ओळखली होती. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्याबरोबर त्यांनी 1916 मध्ये सूर दाखवणारी सेत्स्वाना वाचनमाला काढली. (हेच प्लात्ये 1912 मध्ये, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेचे पहिले सरचिटणीस, शेक्सपिअरही त्यांनी सेत्स्वानात आणला.) लेखनात सूरचिन्हं रुळली नाहीत ती नाहीतच. त्यामुळे नुसत्या पुस्तकावर ही भाषा येत नाही. बोत्स्वाना रेडिओच्या बातम्या रोज कानावर पडू द्या, अर्थ लागो न लागो.

व्याकरणात मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. आपण 'मोठा मुलगा आला, मोठी मुलगी आली, मोठं झाड पडलं' असं नामामागे सगळं वाक्य वळवतोच. तिथे लिंग नाही, नामाचे वर्ग आहेत आणि ते शब्दाच्या सुरुवातीला दिसतात. मो-त्स्वाना एक माणूस, बा-त्स्वाना अनेक, से-त्स्वाना भाषा आणि रीतभात, बो-त्स्वाना देश. त्यामुळे 'बात्स्वाना भाषा' असं लिहू नये. सुरुवातीला चार जोड्या पुरतात: मो–बा (मोसादी–बासादी, बाई–बाया), ले–मा (लेख़ापू–माख़ापू, कलिंगड), से–दि (सेत्ल्हारे–दित्ल्हारे, झाड) आणि काहीच न लावता एकवचन, दि लावून अनेकवचन (क्ख़ोमो–दिक्ख़ोमो).

'मोठी खुर्ची मोडली': सेतिलो से सेख़ोलो से रोबेख़िले. 'मोठ्या खुर्च्या मोडल्या': दितिलो त्से दिक्ख़ोलो दि रोबेख़िले. नामाचा से सगळीकडे घुमतो, अनेकवचनात त्याचा दि होतो. 'सेतिलो' मुळात डच 'स्टूल'वरून आला. पण सुरुवात स ची दिसली म्हणून तो से वर्गात बसला आणि त्याचं अनेकवचन दितिलो झालं. शाळा 'सेकोलो', शाळा अनेक 'दिकोलो', तोच प्रकार. षष्ठीही आपल्यासारखीच, ज्याची वस्तू त्याप्रमाणे नव्हे तर वस्तूप्रमाणे बदलते: ङ्वाना वा मे (माझं मूल), बाना बा मे (माझी मुलं), लेइना ला मे (माझं नाव), सेतिलो सा मे, क्ख़ोमो या मे. चा-ची-चे ज्याला येतं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त पाठ करावं लागतं.

क्रियापदात नवख्याची एक चूक ठरलेली. 'के आ जा' बरोबर, पण पुढे कर्म आलं की मधला आ जातो: 'के जा बोख़ोबे', मी बोख़ोबे खातो. नकारात सुरुवातीला ख़ा येतो आणि शेवटचा आ जाऊन ए होतो: 'ख़ा के जे बोख़ोबे'. भविष्याला त्ला: 'के त्ला जा'. बोख़ोबे म्हणजे ज्वारीच्या पिठाची घट्ट लापशी. ज्वारीला तिकडे 'माबेले' म्हणतात, म्हणजे भाकरीचं पीठ मिळेल, काळजी नसावी. मटणाच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. 'सेस्वा' हा मानाचा पदार्थ म्हणजे तीन पायांच्या लोखंडी भांड्यात नुसत्या मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवून कुटलेलं मांस, बहुधा गोमांस. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्याला ते पथ्याचं वाटेल. काय खाता-खात नाही ते आधीच सांगितलेलं बरं.

शब्दकोशात शब्द सापडत नाही ही पुढची तक्रार, आणि तिचं कारण एकच नियम. 'मला' या अर्थाचा न् किंवा म् क्रियापदाला चिकटला की पहिलं व्यंजन कडक होतं. बोना (पाहणे), पण 'म्पोना' (मला पाहणे). राता (प्रेम करणे), 'न्थाता'. फ़ा (देणे), 'म्फा'. आराबा (उत्तर देणे), 'न्काराबा'. म्हणजे ब चा प, र चा थ, फ़ चा फ, ल आणि द चा त, ख़ चा क्ख़, स चा त्स्ह (हवा सोडून म्हटलेला त्स), आणि नुसता स्वर असेल तर आधी क. क्रियापदांपासून नामं बनतानाही हेच: बुआ (बोलणे) – पुओ (भाषा), रुता (शिकवणे) – थुतो (शिक्षण), दिरा (काम करणे) – तिरो (काम), लेमा (शेती करणे) – तेमो (शेती). वर 'दिक्ख़ोलो' मध्ये ख़ चा क्ख़ झाला तोही यातलाच. हा तक्ता शब्दकोशाच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. आणखी एक: ल च्या पुढे इ किंवा उ आला की त्याचा द होतो, म्हणून 'बाला' (वाचणे) याचा भूतकाळ 'बादिले'.

चालीरीती थोडक्यात, पण यात चुकू नये. दुकानात शिरून थेट भाव विचारणं हा उद्धटपणा. आधी 'दुमेला र्रा' (पुरुषाला) किंवा 'दुमेला म्मा' (बाईला), मग सकाळी 'ओ त्सोख़िले जाङ?' (कसे उठलात), त्याला 'के त्सोख़िले सेन्त्ले', मग काम. र्रा-म्मा गाळून नुसतं 'दुमेला' म्हणणं म्हणजे आपल्याकडे मामा-मावशी न म्हणता 'ए' करून हाक मारणं. वडीलधाऱ्यांना अनेकवचन: 'ले काए?' (कसे आहात?), उत्तर 'रे तेङ' (बरे आहोत). पहिल्या मुलाच्या नावावरून आईबापांना म्मा-म्फो, र्रा-म्फो म्हणतात. वाड्यावस्त्यांवर 'बंड्याची आई' म्हणतात तेच. वस्तू देता-घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराजवळ टेकवलेला. आभार: 'के आ लेबोख़ा'. निघणाऱ्याला 'त्सामाया सेन्त्ले', राहणाऱ्याला 'साला सेन्त्ले'. या दोघांची अदलाबदल नवे लोक हमखास करतात.

ओळख वाढली की 'ओ बिना एङ?' असं विचारतील. शब्दशः 'कशाचा नाच नाचतोस', अर्थ 'तुमचं कुलचिन्ह कोणतं'. बाक्वेना मगर मानतात, बाक्ख़ात्ला माकड, बान्ग्वातो डुईकर नावाचं छोटं हरीण, आणि आपला प्राणी मारत-खात नाहीत. आपल्या घराचं देवक कळंब किंवा मोरपीस असेल तर बेलाशक सांगा, समोरच्याला लगेच कळेल. मात्र बोत्स्वानाचा प्रत्येक नागरिक वंशाने त्स्वाना नसतो. ईशान्येला कलांगा आहेत, पश्चिमेला सान लोक आहेत, त्यांच्या स्वतःच्या भाषा आहेत. देशाचा म्हणून ते मोत्स्वाना म्हणवून घेतीलही, पण कुलचिन्ह आपण होऊन विचारू नये.

क्ख़ोत्ला म्हणजे गावचावडी, जिथे क्ख़ोसीसमोर कुणीही बोलू शकतो. तिथली म्हण पाठ करायला सोपी आणि मा वर्गाचा सराव म्हणूनही चांगली: 'माफ़ोको आ क्ख़ोत्ला आ मान्त्ले ओत्ल्हे', चावडीवरचे सगळेच शब्द सुंदर. यात मा, आ, आ, मा, ओ ही साखळी न अडखळता म्हणता आली, आणि शेवटचा त्ल्ह गालांतून सुटला, की पुढच्या वर्गाकडे वळायला हरकत नाही.