नाणं वाजलं म्हणजे खरं का?

तुम्ही विचारलंत म्हणून: "आजीच्या डब्यात राणीछाप रुपया सापडलाय. फरशीवर टाकला तर खणखणीत वाजतो. खरा असेल ना?"

आधी टाकणं थांबवा, कड चेपते. शिवाय जर्मन सिल्व्हरचा (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) नकली रुपयाही बरा वाजतो, आणि हारात ओवायला कडी डाखलेला अस्सल रुपया बद्द वाजतो.

काटा जास्त भरवशाचा. १८६२ ते १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, चांदी ९१.७ टक्के. झिजून ११.४ भरला तर चालेल, १२ भरला तर चालणार नाही. पण जाडी वाढवून वजन जुळवता येतं, म्हणून घनताही बघायची. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा. तळाला, काठाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. आता काट्यावर साधारण १.१३ दिसायला हवं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की १०.३ च्या आसपास उत्तर येतं. जर्मन सिल्व्हरचं येतं ८.७ च्या आगेमागे. झिजेने हे गुणोत्तर बदलत नाही, हीच त्यातली गंमत. मात्र डाखलेल्या रुपयाला आणि १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयांना हा हिशोब लावू नका. १९४७ चा रुपया तर निकेलचा, तो अस्सल असूनही चुंबकाला चिकटतो.

धातू जुळला तरी काम संपत नाही, कारण नकली रुपये चांगल्या चांदीचेही असतात. दहापट भिंगातून अक्षरं बघा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यात ती साबणासारखी गुळगुळीत, मोकळ्या जागेत बारीक खड्डे, आणि कडेच्या दात्यांवर कानस मारल्याची खूण. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ मधला आठ कोरून नऊ केला जातो. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते का, तेवढं बघा. राम-हनुमानाची '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' छापाची नाणी मात्र तपासायचीही गरज नाही. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, हे नियम लागू नाहीत. ती हातोड्याने ठोकलेली, वजन कमीजास्त, ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' अर्धवट उमटतं, कडेला तडेही जातात. पूर्ण अक्षरं गोल चकतीत नीट बसलेली दिसली की आमचा संशय वाढतो. दोन शिवराई नाण्यांवर तोच तडा, तोच खड्डा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली, किंवा एक दुसऱ्यावरून. हिरव्या थराचा संशय आला तर ॲसिटोनचा बोळा फिरवा. रंग-गोंदाचा थर बऱ्याचदा कापसावर उतरतो, तांब्याचा स्वतःचा उतरत नाही. चिंच किंवा पितांबरी मात्र लावू नका. खोटं नाणं त्याने खरं होत नाही, खऱ्याची किंमत तेवढी जाते.