नोंदवही आधी, ट्रक नंतर

या वर्षी पावसाळ्यापूर्वी रत्नागिरीजवळचे आमचे छोटे रेल्वे संग्रहालय बंद करून त्यातील वस्तू संगमेश्वर तालुक्यातील एका शाळेच्या इमारतीत हलवण्यात आल्या. जागामालकाने आम्हांला बाहेर काढले, सगळे सामान भंगारात गेले, मुंबईच्या कोणा शौकीन माणसाने ते विकत घेतले, असे बरेच काही या काळात गावात बोलले गेले. यातले काहीही खरे नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे काय झाले आणि का झाले हे लिहून ठेवण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते असे मला वाटते.

संग्रहालय म्हणजे जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची एक जुनी वखार आणि तिच्यापुढचे अंगण. रविवारी सकाळी ते उघडे असे. प्रवेशशुल्क नव्हते आणि पगारी माणूसही नव्हता. मिरजेकडे नोकरी करून निवृत्त झालेले एक पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे कर्मचारी), एक माजी गँगमुकादम (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे प्रमुख), दोन शिक्षक, अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आणि बँकेतून निवृत्त झालेली मी, एवढ्यांवर ते चालत होते.

कोकणात रेल्वेचे संग्रहालय कशाला, असे पाहुणे हमखास विचारत, आणि प्रश्न रास्तच होता. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी गेली. कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा सलग मार्ग सुरू झाला तो 26 जानेवारी 1998 रोजी. मधली 145 वर्षे रत्नागिरीच्या माणसाने बोटीत, एस.टी.त आणि घाट चढून मिरज-कोल्हापूरच्या फलाटावर काढली. आमच्या मार्गावर वाफेच्या इंजिनाचा काळ आलाच नाही; जे आले ते थेट डिझेल, आणि 2022 मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यावर तेही मागे पडले. त्यामुळे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असतात तशी देखणी इंजिने आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे होती ती रेल्वेची वाट पाहण्याची आणि मग ती येऊ देण्याची कागदपत्रे. अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा ध्यास घेतला, नाथ पै आणि मधु दंडवते यांनी तो संसदेत लावून धरला, 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची सूत्रे आली, हा इतिहास अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. मात्र भूसंपादनाची नोटीस हातात पडल्यावर एखाद्या कुटुंबाने आपल्या सातबाऱ्यावर पेन्सिलीने काय खुणा केल्या, कोणती कलमी झाडे तुटणार याची यादी कशी केली, हे आमच्या वखारीतल्या कपाटातच पाहायला मिळत असे. माझ्या मते तेच कपाट संग्रहालयाचा गाभा होते. याच मार्गावरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून निघालेला दगड आणि 64 मीटर उंचीच्या पानवल पुलाची बांधकामाच्या वेळची छायाचित्रे यांच्याकडे पाहुणे आधी धावत, हे खरे असले तरी.

मुलांची गर्दी मात्र टोकनच्या यंत्राभोवती होई. नील्स टोकन यंत्रांची ही जोडी घाटावरच्या एका मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेल्या) मार्गाचे रुंदीकरण झाल्यावर भंगारात निघालेली होती. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी त्याच टापूत शिरू नयेत, यासाठी शेजारच्या दोन स्थानकांत अशी दोन यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज अलीकडच्या यंत्रातून पोलादी गोळा, म्हणजेच टोकन, निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवीला मोठी कडी लावून चालकाच्या हाती दिला जाई; तोच त्याचा पुढे जाण्याचा परवाना. कोकण रेल्वे अजूनही बहुतांशी एकेरी आहे (रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा भाग 2021 मध्ये दुहेरी झाला), त्यामुळे ‘क्रॉसिंगला थांबलीय’ हे वाक्य इथल्या प्रत्येक प्रवाशाच्या तोंडी असते. क्रॉसिंग म्हणजे समोरची गाडी निघून जाईपर्यंत थांबणे; ते का लागते, हे या यंत्रापाशी उभे राहिल्यावर पाचवीच्या मुलालाही समजत असे. आमचे पॉइंट्समनकाका ते समजावत तेव्हा बोलणे थोडे आणि हातवारे फार असत. “ताई, गोळा आत गेल्याबिगर दुसरा भायेर येत नाय, एवढाच सांगायचा,” असे ते मला म्हणत, आणि खरोखर तेवढेच सांगत.

बंद करण्याचे कारण साधे होते. वखार ज्या कुटुंबाची, त्यांच्या वाडीची वाटणी झाली. आजोबांनी तोंडी शब्दावर दिलेली जागा नातवंडांनी पुढेही काही काळ चालू ठेवली, आम्हांला पुरेशी आगाऊ कल्पना दिली आणि एका पैशाचे भाडे मागितले नाही. त्यांच्याविषयी तक्रार करण्याजोगे काही नाही. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संग्रहालयांची गाठ बहुधा जमिनीपाशीच अडते. स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची रीत 1951 मध्ये वेल्समधील टॅलिलिन मार्गापासून रुजली असे मानतात. त्या ब्रिटनमध्येही कॉव्हेंट्रीजवळचे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे संग्रहालय जागेचा करार संपल्यामुळे 2017 मध्ये बंद झाले आणि त्यातले डबे निरनिराळ्या ठिकाणी विखुरले. तिथे निदान करार होता. आमच्याकडे तोही नव्हता, आणि उभ्या कोकणात वाचनालयांपासून व्यायामशाळांपर्यंत किती संस्था अशा तोंडी शब्दावर उभ्या असतील याचा विचार केला की धडकी भरते.

दुसरे कारण आमचे वय. चार माणसांची गरज असलेल्या कामाला दोन माणसे येऊ लागली, त्यांतल्या एकाचे गुडघे दुखत होते आणि विद्यार्थी पदवी घेऊन पुण्याला जात होते. वाटणी झाली नसती तरी आणखी काही वर्षांनी हाच निर्णय घ्यावा लागला असता, आणि तेव्हा तो घ्यायला शुद्धीत असलेली माणसे किती उरली असती हा वेगळा प्रश्न. वेळेत बंद केले हे बरे झाले, असे मी म्हटल्यावर आमच्यातल्या काहींना राग आला होता. माझे मत अजून तेच आहे.

संग्रहालय हलवायचे म्हणजे खोकी, दोऱ्या, ट्रक आणि चार दणकट पोरे, अशी सर्वांची कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळ गेला तो कोणती वस्तू कोणाची हे ठरवण्यात. घरातल्या वस्तू माणसे आमच्याकडे दोन प्रकारे देत. कोणी ‘घ्या, आता तुमचे’ म्हणून, तर कोणी ‘तुमच्याकडे असू दे’ म्हणून. दुसऱ्या प्रकारात वस्तू त्या घराचीच राहते आणि आपण केवळ राखणदार असतो, हे देणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या मुलाला ठाऊक असेलच असे नाही. बँकेच्या सवयीने मी नोंदवहीत या दोहोंसाठी पहिल्यापासून वेगळे रकाने ठेवले होते आणि देणाऱ्याची सही घेत होते. त्याबद्दल माझी बरीच थट्टा झाली. हलवण्याच्या वेळी मात्र प्रत्येक ‘असू दे’ वाल्या घराला पत्र पाठवून परत हवे, नव्या जागी चालेल, की कायमचे देता, असे विचारता आले. बहुतेकांनी कायमचे दिले. काहींनी मूळ नोटिसा परत नेल्या आणि प्रती ठेवू दिल्या. एका घरातल्या दोन भावांची उत्तरे परस्परविरुद्ध आली. ती हातबत्ती त्यांचे एकमत होईपर्यंत जुन्या जागामालकांच्या माजघरात आहे.

लोखंडाची गोष्ट आणखी अवघड होती. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, 1966 या कायद्यानुसार एखाद्याकडे सापडलेली रेल्वेची वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय आला, तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावरच येते. वखारीत पडून असलेल्या फिशप्लेटकडे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीकडे) कोणी पाहत नाही, पण तीच फिशप्लेट, स्लीपर (रुळांखालचा आडवा आधार) आणि रुळाचा तुकडा घेऊन ट्रक महामार्गावर आला की विचारणा होऊ शकते, आणि ती व्हायलाच हवी. लिलावात भंगार घेणाऱ्या व्यापाऱ्याची पावती, त्याच्याकडून आम्ही घेतल्याची पावती आणि वस्तूचे छायाचित्र, असा संच प्रत्येक लोखंडी वस्तूसाठी लावला. ज्यांचे कागद पुरे जुळत नव्हते अशा थोड्या वस्तू संबंधित रेल्वे अधिकाऱ्यांना रीतसर पत्र देऊन त्यांच्या हवाली केल्या. त्यांत एक फार सुंदर ओतीव लोखंडी स्लीपर होता. माजी मुकादमांना ते आवडले नाही; पण कागद नसलेली वस्तू नव्या यजमानांच्या गळ्यात बांधणे मला मान्य नव्हते.

कोठे हलवायचे यावर खरा वाद झाला. घाटावरच्या एका संस्थेने कोरडी, प्रशस्त जागा देऊ केली होती. जतनाच्या दृष्टीने तोच पर्याय उत्तम, यात शंका नाही. समुद्राकडून येणाऱ्या हवेतले क्षार लोखंडावर बसतात, ओलावा धरून ठेवतात, आणि वरून कितीही रंग फासला तरी त्याखाली गंज चालूच राहतो. आमच्या हातबत्त्यांचे पत्रे दर श्रावणात पुन्हा तांबूस होत. कागदांना बुरशी, कसर आणि वाळवी हे तीन शत्रू. जुनी पुठ्ठ्याची तिकिटे, सुमारे 57 मिलिमीटर लांब आणि 30 मिलिमीटर रुंद, एकोणिसाव्या शतकात टॉमस एडमंडसन याने रूढ केलेल्या मापाची, पावसाळ्यात ओल शोषून फुगत आणि कडांना थर सुटत. कोणा हौशी माणसाने ती प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करण्याची सूचना केली होती. ती आम्ही मानली नाही, कारण तो थर नंतर सुखरूप काढता येत नाही आणि ओल आतच अडकते.

तरीही घाटावर जाऊ नये असे मत पडले, आणि त्या बाजूने मीही होते. ज्यांची कलमे तुटली त्यांच्या नोटिसा पाहायला त्यांच्याच नातवंडांना आंबा घाट चढावा लागावा, हे काही बरोबर नव्हते. त्याच वेळी किनाऱ्यालगत किंवा नदीकाठी राहणेही शहाणपणाचे नव्हते. जुलै 2021 च्या पुरात चिपळुणातल्या जुन्या वाचनालयाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. म्हणून समुद्रापासून आत, नदीपासून उंचावर आणि वरच्या मजल्यावर खोली मिळेल अशी जागा शोधली, आणि संगमेश्वर तालुक्यातील ती शाळा मिळाली. वरच्या दोन खोल्या कागद, तिकिटे आणि छायाचित्रांसाठी. खाली बाजूने उघडी पत्र्याची शेड लोखंडासाठी. शेड मला पसंत नाही. तिच्या पश्चिमेला भिंत घातल्याखेरीज पावसाचा तिरका मारा आत येणारच, हे मी बैठकीत सांगितले आहे आणि इथेही सांगते. या वेळी करार मात्र लेखी आहे.

बांधाबांध त्यामानाने लवकर आटोपली. पेंढा वापरू दिला नाही, कारण त्यातून कीड जाते. घरोघरच्या जुन्या सुती साड्या जमा करून काचा आणि बत्त्या त्यांत गुंडाळल्या. रूळ मीटरला 52 किलो वजनाचा, त्यामुळे आमचा दोन मीटरचा तुकडाही शंभर किलोंच्या वर भरला आणि तो उचलताना पोरांनी इंजिन ओढण्याच्या थाटात आरोळ्या दिल्या. टोकन यंत्रांची जोडी एकाच ट्रकमध्ये जाऊ नये, असा काकांचा आग्रह होता. एकाला अपघात झाला तर दुसरे राहील, हे त्यांचे कारण, आणि आयुष्यभर रेल्वेत सुरक्षेचे काम केलेल्या माणसाशी त्यावर कोण वाद घालणार? दोन ट्रक केले. सगळे जूनच्या आत पार पडले.

मागे राहिली ती भिंत. एका चित्रकला शिक्षकांनी वखारीच्या तीन भिंतींवर रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा मार्ग स्थानके, बोगदे आणि पूल यांसह रंगवला होता. कोपरा वळला की सिंधुदुर्ग संपून गोवा लागत असे. जांभ्यावरचा चुन्याचा गिलावा सोडवून नेणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. विद्यार्थ्यांनी त्याची तुकड्यातुकड्यांनी मापासहित छायाचित्रे घेतली आहेत. शाळेच्या खोलीला दोनच मोकळ्या भिंती असल्याने नवा नकाशा कोठे वळवावा यावर चित्रकला शिक्षकांचे आणि मुकादमांचे अजून जमलेले नाही.

काकांचे समजावणे आम्ही चित्रित करून ठेवले आणि शाळेतल्या दोन शिक्षिकांना त्यांनी यंत्र स्वतः चालवायला शिकवले. चित्रफितीपेक्षा या शिकवण्यावर माझा भरवसा अधिक आहे, कारण यंत्राचा खटका कोणत्या क्षणी सुटतो ते हाताला कळावे लागते.

शाळेत संग्रहालय दिवाळीच्या सुटीनंतर, शनिवारी दुपारी उघडेल. परीक्षांच्या काळात ते बंद राहील. ज्यांनी आमच्याकडे वस्तू ‘असू दे’ म्हणून ठेवली होती आणि ज्यांच्यापर्यंत पत्र पोहोचले नसेल, त्यांनी मूळ पावती किंवा देणाऱ्याच्या नावाचा काही पुरावा घेऊन शाळेत यावे. नोंदवहीची एक प्रत तिथे ठेवली आहे. शेडच्या पश्चिम भिंतीसाठी चिरे देऊ शकणाऱ्यांनी मात्र त्याआधीच कळवावे, कारण गवंडी गणपतीनंतर मोकळा होणार आहे.