कुस्कोचे बाजार: ज्यूस सान पेद्रोत प्या, पिशवी सान हेरोनिमोला भरा

पेरूतल्या कुस्कोमध्ये कोणी 'अस्सल स्थानिक बाजाराची' गाईडेड टूर विकायला आलं तर सरळ नको म्हणा. आम्ही माणशी ३० डॉलर मोजले. त्या पैशांत सान पेद्रो बाजाराची एक घाईघाईची फेरी झाली, चार फळांच्या फोडी आणि चीजचा एक तुकडा मिळाला, आणि उरलेला सगळा वेळ एका चॉकलेटच्या दुकानात गेला. सान पेद्रो मुख्य चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. प्लासा दे आर्मासहून निघायचं, सांता क्लाराच्या कमानीखालून सरळ जायचं, रेल्वे स्टेशनासमोर बाजार. तिकीट नाही, गाईडची गरज तर अजिबात नाही. बाजार १९२५ सालचा. आमच्या गाईडने त्याच्या छताचा संबंध आयफेलशी जोडून बराच वेळ खाल्ला. मला बटाटे बघायचे होते.

आत शिरल्यावर पुढच्या रांगा सोडून द्या. अल्पाकाचे म्हणून विकले जाणारे स्वेटर, टोप्या, चॉकलेट, फ्रिजवर चिकटवायची चित्रं, सगळं टुरिस्टांसाठी. खरा संताप आला तो फळांच्या गाळ्यावर. भावाची पाटी नाही. बाई 'प्रुएबे, प्रुएबे' म्हणत फोडी हातात ठेवतायत, मी खातोय, तोवर त्यांनी पिशवी भरूनही टाकली: चार ग्रानादिया, एक चिरिमोया आणि ओंजळभर रसभरी. आकडा सांगितला ३८ सोल. एका सोलचे ढोबळ २५ रुपये धरा, म्हणजे साडेनऊशे रुपये! माझ्या आधी उभ्या असलेल्या आजीबाईंनी तीच ग्रानादिया किलोभर घेऊन सहा सोल दिले होते, ते मी समोर उभं राहून पाहिलं होतं. पिशवी ठेवून वळलो तर भाव लगेच ३०, मग २५. नाही घेतली. दोनशे-चारशे रुपयांनी कोणी बुडत नाही, पण माणूस बघून भाव लावलेला डोक्यात जातो तो जातोच.

उपाय सोपा आहे. फोड तोंडात टाकण्याआधी विचारायचं, 'कासेरिता, आ कोमो एस्ता एल किलो?' कासेरिता ही तिथली विक्रेती-गिऱ्हाइकांची नेहमीची हाक, ती एकदा कानावर पडली की भाव जरा माणसात येतो. किलोचा आकडा ऐकल्याशिवाय पिशवी उघडू द्यायची नाही, आणि वजन काट्यावर आपल्यासमोर करायला लावायचं. खिशात सुटी नाणी आणि १०-२० च्या नोटा ठेवा. १०० ची नोट काढली की सुटे नाहीत म्हणतात, शिवाय खोट्या नोटांच्या धास्तीने तुमची नोट उजेडात धरून दहा वेळा बघतात. उलट मिळालेली नोटही तुम्ही तशीच बघून घ्या.

सान पेद्रोत जायचंच ते ज्यूससाठी. उंच ओट्यांमागे एप्रन घातलेल्या बायकांची रांग असते, सगळ्या एकदम हाका मारतात. एकीसमोर बसा, फळं बोटाने दाखवा, साखर नको असेल तर 'सिन असुकार' म्हणा आणि पाणी उकळलेलं आहे का ते विचारून घ्या. मी लुकुमा दुधात मागवला. हे फळ नुसतं खाल्लं तर उकडलेल्या रताळ्यासारखं कोरडं लागतं, दुधात मात्र झकास. ग्लास संपवून उठायला लागलो तर बाईंनी हाताने खाली बसवलं आणि मिक्सरच्या भांड्यात उरलेला सगळा ज्यूस पुन्हा ग्लासात ओतला. याला यापा म्हणतात. ती हक्काची असते, लाजू नका. ज्यूसच्या भावाबद्दल माझी काही तक्रार नाही.

जेवणाच्या रांगेत कोंबडीचं सूप, काल्दो दे गायिना, सकाळपासून उकळत असतं. थंडीत उतारा म्हणून उत्तम. शाकाहारींनी मात्र इथे भाबडेपणा करू नये. 'सिन कार्ने' सांगितलं की वाडग्यातून मांसाचा तुकडा काढून तेच सूप पुढे येतं. बायको शाकाहारी, तिची दुपार चोक्लो कोन केसोवर निघाली: टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताज्या चीजची जाड चकती. सोबत ओरोपेसा गावचा मोठा गोल चुता पाव घ्या. मटणाच्या भागात गायींची अख्खी तोंडं मांडलेली असतात, ज्यांना बघवत नाही त्यांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडावं.

आता सान हेरोनिमो. कुस्को बघायला एकच सकाळ असेल तर म्युझियम सोडा, हे करा. आवेनिदा दे ला कुल्तुरावरून पूर्वेकडे जाणारी बस पकडा, कंडक्टर गावाचं नाव ओरडत असतो, तिकीट सोलभर. उतरताना 'बाहा!' म्हणून ओरडायचं. टॅक्सीला मीटर नसतं, बसण्याआधी भाव ठरवा. विनोकांचोन हा तिथला घाऊक बाजार, पहाटे लवकर पोचलात तर ट्रकमधून पोती उतरताना दिसतात. जांभळे, काळे, गाठीगाठींचे, आतून पिवळेधमक असे बटाटेच बटाटे. आपल्या उपवासाच्या बटाट्याचं माहेर हेच. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या मते देशी बटाट्याच्या ४,००० हून जास्त जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या अँडीजमधल्या. ते इथे उभं राहिल्यावर पटतं.

चुन्यो जरूर हातात घेऊन बघा. जून-जुलैच्या गोठवणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. काळा, सुरकुतलेला खडा हातात येतो, वजनच लागत नाही. हा वर्षानुवर्षं टिकतो. पांढरा मोराया आधी वाहत्या पाण्यात भिजत ठेवलेला असतो. विकणाऱ्या मावशींनी मला दोन्ही चावून बघायला दिले आणि माझं तोंड बघून शेजारणीला बोलावून हसल्या. सान पेद्रोत ३८ सोल सांगितलेली फळं, तेवढीच, इथे मला ११ सोलांना मिळाली. परदेशी माणूस म्हणून कोणी मागे लागलं नाही.

त्रास झाला तो परतताना. आमची खोली सान ब्लासला, म्हणजे दगडी चढ आणि पायऱ्या. कुस्को साधारण ३,४०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. सह्याद्रीत दर रविवारी चढणाऱ्यालाही सात-आठ किलोची पिशवी घेऊन कुएस्ता दे सान ब्लासची चढण दम काढते. मी तीनदा भिंतीला टेकलो, डोकं ठणकत होतं, आणि एक चिरिमोया पायरीवर आपटून फुटली. तेव्हा बाजारहाट करायचा असेल तर खोली खाली सपाटीवर घ्या, दृश्याच्या नादी लागू नका. आल्या आल्या पहिल्या दिवशी बाजारही नको.

पुढचे दिवस सेक्रेड व्हॅलीत गेले. छान होते.

शनिवारी जमलं तर उआंकारोच्या शेतकरी बाजारात जा. त्याच दिवशी भरणाऱ्या बारातियो या जुन्या वस्तूंच्या बाजारात जायचं असेल तर मोबाईल आतल्या खिशात. कोकाची पानं बाजारात उघड मिळतात, चहा तिथेच प्या. बॅगेत एकही पान राहू देऊ नका, भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.